नारिंगी छप्पर दिसलं की

पहिला दिवस, गुरुवार : एडिसन ते लेक जॉर्ज

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर माधवीचा फोन आला. "आई, लेक जॉर्जचं हॉवर्ड जॉन्सन्स बंद झालं. शेवटचं होतं गं ते." मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. एक रेस्टॉरंट बंद पडलं तर त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण या देशात मी पहिला घास खाल्ला तो हॉवर्ड जॉन्सन्समध्ये. सत्तरच्या दशकात हजाराच्या आसपास असलेली ही रेस्टॉरंटं एकेक करून मिटत गेली. २०१६ मध्ये मेन राज्यातल्या बँगरचं गेलं, तेव्हा हे एकच उरलं होतं. आता तेही नाही.

"जिथे जिथे काही खूण शिल्लक असेल, तिथे मला एकदा जाऊन यायचंय," मी यांना म्हटलं. हे काही बोलले नाहीत. उठले, कपाटाच्या खालच्या खणात हात घालून बराच वेळ शोधत बसले आणि एक खिशातली डायरी घेऊन आले. १९७७ ची. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने १ ते २८ आकडे, त्यापुढे इंग्रजी नावं, आणि काही नावांपुढे बरोबरची खूण. हॉवर्ड जॉन्सन्सची २८ चवींची आइसक्रीमं प्रसिद्ध होती. आम्ही ठरवलं होतं, दर रविवारी एक. मेपल वॉलनट, बटर पिकॅन, पेपरमिंट स्टिक, बर्गंडी चेरी, मॅकरून, पिस्ता. एकोणीस खुणा आहेत. नऊ चवी राहिल्या.

सप्टेंबरातल्या या गुरुवारी न्यूजर्सीतल्या एडिसनहून सकाळी सातला निघालो. गाडी माधवीकडे, पुढे हे, मागे मी आणि डब्यांची पिशवी : तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, कोरडा चिवडा. ऑल्बनी मागे पडल्यावर रस्ता डोंगरांत शिरतो. झाडांच्या शेंड्यांना कुठेकुठे लाल रंग चढायला लागला होता.

१९७६ च्या नोव्हेंबरात मी बोस्टनला उतरले, तेव्हा मालवण सोडून मला आठवडाही झाला नव्हता. यांची नोकरी वूस्टरला. विमानतळावरून निघालो तेव्हा काळोख पडलेला, दोन्ही बाजूंना पानं झडलेली झाडं, आणि रस्त्यावर चालणारं माणूस म्हणून दिसेना. माझ्या पोटात नुसता गोळा आला होता. तेवढ्यात समोर दिव्यांच्या उजेडात नारिंगी छप्पर दिसलं. पिकल्या झेंडूचा रंग. वर पांढरा छोटा मनोरा, त्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. हे म्हणाले, "हे छप्पर दिसलं की समजायचं, इथे आपल्याला खायला मिळणार. मग गाव कुठलंही असो." हे सदाशिव पेठेतले, शुद्ध शाकाहारी. माझ्याआधी दीड वर्ष येऊन राहिलेले. ग्रिल्ड चीज सँडविच, फ्राइज आणि आइसक्रीम, एवढं इथे हमखास मिळतं हे त्यांनी शोधून ठेवलं होतं. त्या रात्री बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना मी आइसक्रीम खाल्लं. वाढणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. मी साडीवर यांचा कोट घातलेला. तिने काही विचारलं नाही, फक्त आणखी एक पेपर नॅपकिन आणून माझ्या मांडीवर पसरला.

लेक जॉर्जचं रेस्टॉरंट रूट ९ वर होतं. १९५३ चं. पुढे टीव्हीवर स्वयंपाक करून घराघरात पोचलेली रेचल रे तरुणपणी इथे काम करत असे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. म्हणजे गर्दीची वेळ. गाड्या उभ्या करायच्या पटांगणात आमची एकच गाडी. डांबराच्या भेगांतून गवत वर आलेलं. काचेला दोन्ही तळवे लावून मी आत पाहिलं. काउंटर दिसला, बूथांच्या पाठी दिसल्या. छप्पर तसंच होतं, नारिंगी. उन्हात तर ते लांबूनच अंगावर येतं. त्यासाठीच तर तो रंग निवडला होता, धावत्या गाडीतल्या माणसाला दुरून दिसावा म्हणून.

आमच्यामागून एक पिकअप येऊन थांबला. सत्तरीचा माणूस उतरला, टोपी काढली, छपराकडे पाहत उभा राहिला. आम्हाला पाहून म्हणाला, "तुम्ही पण?" आम्ही मान हलवली. पाच-सात मिनिटं आम्ही चौघं तिथे उभे होतो. मग तो गेला आणि आम्ही पुऱ्यांचा डबा उघडला, त्याच छपराच्या सावलीत.

दुसरा दिवस, शुक्रवार : क्विन्सी

लेक जॉर्जहून दक्षिणेला येऊन पूर्वेकडे वळलं की मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, लागतो. वूस्टरची पाटी आली तशी गाडीत सगळे गप्प झाले. तिथे आमची सात वर्षं गेली, माधवीचा जन्म तिथला. पण उतरलो नाही. दुपारपर्यंत क्विन्सी गाठायचं होतं.

लिहायचं क्विन्सी आणि म्हणायचं क्विन्झी. बोस्टनच्या दक्षिणेला लागून असलेलं गाव, दगडाच्या खाणींसाठी आणि दोन राष्ट्राध्यक्षांसाठी प्रसिद्ध. माझ्यासाठी मात्र हे हॉवर्ड डिअरिंग जॉन्सनचं गाव. वडिलांचा सिगारचा धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज, अशा वेळी १९२५ मध्ये त्याने आणखी कर्ज काढून वोलास्टन भागातलं एक औषधांचं दुकान घेतलं. दुकानात सोडा फाउंटन होता, म्हणजे सोडा आणि आइसक्रीम देणारा काउंटर. औषधांपेक्षा गिऱ्हाईक तिथेच जास्त थांबतं हे त्याने हेरलं, आणि आइसक्रीममधल्या स्निग्धांशाचं प्रमाण वाढवलं. बस, गाडी चालायला लागली. मग समुद्रकिनाऱ्यावर टपऱ्या टाकल्या.

आम्ही बील स्ट्रीटवरून चालत गेलो. स्टेशनाजवळचा साधा रस्ता, माणसांची ये-जा. मग क्विन्सीच्या चौकात गेलो. तिथे ग्रॅनाइट ट्रस्टची दहा मजली इमारत आजही ताठ उभी आहे. १९२९ मध्ये तिच्या तळमजल्यावर हॉवर्ड जॉन्सनने पहिलं पूर्ण रेस्टॉरंट काढलं. ते चाललं कसं याची गोष्ट माधवीने वाचून ठेवली होती, आणि ती ऐकून हे जे खुलले ते रात्रीपर्यंत.

झालं असं. युजीन ओनील यांचं एक नऊ अंकी नाटक बोस्टनला यायचं होतं. बोस्टनच्या महापौरांनी, माल्कम निकल्स त्यांचं नाव, त्यावर बंदी घातली. नाटक मंडळींनी शेजारच्या क्विन्सीत थिएटर घेतलं आणि बोस्टनचे रसिक तिथे लोटले. नाटक एवढं लांबलचक, की मध्ये जेवणाची सुट्टी द्यावी लागे. थिएटरातून बाहेर पडलेली भुकेली माणसं जवळच्या हॉवर्ड जॉन्सन्समध्ये शिरत. बोस्टनच्या बड्या घरांत नाव पोचलं ते असं. यांचं तरुणपण भरत नाट्य मंदिरात गेलेलं. "म्हणजे मध्यंतरातला बटाटेवडा!" हे रस्त्यातच म्हणाले. "नाटक विसरेल माणूस, मध्यंतर नाही विसरत."

पण त्याच साली शेअर बाजार कोसळला आणि नवी रेस्टॉरंटं काढायला पैसा उरला नाही. त्यातून जॉन्सनने वाट काढली. १९३५ मध्ये केप कॉडवरच्या ऑर्लीन्समध्ये रेजिनाल्ड स्प्रेग या माणसाने स्वतःचं भांडवल घातलं आणि जॉन्सनचं नाव लावलं. माल जॉन्सनकडूनच घ्यायचा, कृती त्याच्याच, शिस्त त्याचीच. आज ज्याला आपण फ्रँचाइझी म्हणतो, त्याचं रेस्टॉरंटच्या धंद्यातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. सगळीकडे एकच छप्पर, एकच मेनू, एकच चव. इथल्या शिकल्यासवरल्या लोकांना मी पुष्कळदा या एकसारखेपणाला नाकं मुरडताना ऐकलंय. त्यांनी खुशाल मुरडावीत. ज्याला गावातल्या प्रत्येक खानावळीत निर्धास्त शिरता येतं, त्याला एकसारखेपणाची किंमत कळणार नाही. मला इंग्रजी वाचता येत होतं, बोलताना जीभ अडखळायची. नवीन दार ढकलायचं म्हटलं की तळव्यांना घाम यायचा. हॉवर्ड जॉन्सन्सचं दार मात्र मी एकटीनं ढकलत असे, कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

रात्री मोटेलवर माधवीने दुसरी एक गोष्ट सांगितली. ऑक्टोबर १९५७. घाना देश नुकताच स्वतंत्र झालेला. त्याचे अर्थमंत्री कोमला ग्बेडेमा प्रवासात डेलावेअरमधल्या डोव्हरच्या हॉवर्ड जॉन्सन्समध्ये थांबले आणि संत्र्याचा रस मागितला. काळ्या माणसांना आत बसून खाता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याच वर्षी अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन घानाला जाऊन त्यांचा पाहुणचार घेऊन आले होते. बातमी जगभर झाली, आणि अध्यक्ष आयझेनहॉवरनी ग्बेडेमांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावून घेतलं. एवढ्यावर सगळं बदललं नाही. १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला हॉवर्ड जॉन्सन्सपुढे हजारोंनी निदर्शनं केली. नागरी हक्कांचा कायदा आला तो १९६४ मध्ये.

मी १९७६ ला आले. बारा वर्षांनी. ज्या बाकावर मला कुणी काही न विचारता बसवलं, ते बाक माझ्याआधी कुणीतरी दारात उभं राहून मिळवून ठेवलेलं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दिवा मालवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही.

तिसरा दिवस, शनिवार : इप्सविच

आजचा दिवस माझा. बोस्टनच्या उत्तरेला समुद्राच्या चिखलाळ खाड्या आहेत, ओहोटीला नुसता राखाडी गाळ दिसतो, आणि तो वास! गाडीची काच खाली केली आणि मला एकदम मालवणजवळच्या देवबागच्या खाडीची आठवण आली.

वूस्टरला येऊन मला दोन महिने झाले असतील. पोळी-भाजी, वरण-भात, रविवारचं आइसक्रीम. मासळीचं नाव नाही. घरात करायचा प्रश्नच नव्हता, आणि यांच्यासमोर बाहेर मागायलाही मला संकोच वाटे. एका रविवारी हेच मेनूवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, हे क्लॅम म्हणजे शिंपल्यातलं काहीतरी असतं म्हणे. तुला हवं असेल तर माग ना." तळलेल्या पट्ट्यांची बशी आली. मी एक तोंडात टाकली. वरचं कुरकुरीत आवरण, आत चिवट, किंचित गोडसर. समुद्राची चव. आमच्या खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे शिंपले, त्यांची सख्खी बहीण नसली तरी मावसबहीण नक्की. माझे डोळे भरून आले. हे घाबरले, त्यांना वाटलं बिघडलेलं आहे की काय.

आमच्याकडे आई विळीवर तिसऱ्या उघडायची. एका शिंपीत मांस ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची, म्हणून ते एकशिपी. विळीच्या पात्यावर शिंपला टेकवला की 'कट्' असा आवाज यायचा आणि आतलं खारट पाणी तिच्या बोटांवरून खाली ताटात गळायचं. ते पाणी ती टाकत नसे, कालवणात घालायची. सगळी चव त्या पाण्यात असते.

हॉवर्ड जॉन्सन्सच्या क्लॅम पट्ट्या येत त्या इथूनच, इप्सविचच्या सॉफ्रन बंधूंकडून. इथले लोक खातात तो मऊ शिंपल्याचा अख्खा जीव, पोटासकट. समुद्रकिनारा न पाहिलेल्या माणसाला ते पोट पाहून कसंतरी होतं. सॉफ्रन बंधूंनी खोल समुद्रातला मोठा शिंपला घेतला, त्याचा टणक पाय तेवढा कापून त्याच्या पट्ट्या केल्या. पोट नाही, गाळ नाही. त्या पट्ट्या गोठवून हॉवर्ड जॉन्सन्सने देशभर पाठवल्या आणि ओहायो-इंडियानातल्या, जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसांना शिंपले खायला लावले.

त्या स्वयंपाकामागे कोण होतं हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या 'ल पाव्हियों' या नावाजलेल्या फ्रेंच रेस्टॉरंटमधून पियेर फ्राने आणि झाक पेपँ हे दोन शेफ जॉन्सनने १९६० च्या सुमारास उचलून आणले. पेपँ यांना व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात काम मिळत होतं, ते सोडून ते इथे आले आणि दहा वर्षं राहिले. सुरुवातीला क्वीन्समधल्या रेगो पार्कच्या शाखेत त्यांनी बटाटे सोलले, हॅम्बर्गर भाजले. मग मध्यवर्ती स्वयंपाकघरात जाऊन सुकवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा आणला, मार्गारीनच्या जागी लोणी आणलं. टर्नपाइकवर थांबणाऱ्या ट्रकवाल्याला साधं लोणी मिळावं म्हणून एवढा मोठा आचारी खपत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

इप्सविचला 'क्लॅम बॉक्स' नावाचं १९३५ चं खाण्याचं ठिकाण आहे. इमारतच क्लॅमच्या कागदी खोक्याच्या आकाराची. रांगेत उभं राहून आम्ही दोन्ही प्रकार घेतले. पोटासकटचा क्लॅम दाताखाली फुटला आणि आईच्या ताटातलं ते खारट पाणी थेट जिभेवर आलं. माधवीला मात्र पट्ट्याच आवडल्या. हॉवर्ड जॉन्सन्समध्ये वाढलेली पोर! ह्यांनी उकडलेलं कणीस खाल्लं आणि आमच्या बशीकडे कौतुकानं पाहत राहिले.

चौथा दिवस, रविवार : न्यूयॉर्क

पाच तासांचा प्रवास, त्यात कनेटिकटमध्ये पाऊस. दुपारी अडीचला मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि १०४ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरलो.

आज दुसरी चेन, हॉर्न अँड हार्डार्ट. जोसेफ हॉर्न आणि फ्रँक हार्डार्ट यांनी १८८८ मध्ये फिलाडेल्फियात छोटी खानावळ काढली. १९०२ मध्ये बर्लिनहून यंत्रं मागवून पहिलं ऑटोमॅट उघडलं, १९१२ मध्ये न्यूयॉर्कात आणलं. भिंतभर काचेची छोटी छोटी दारं. प्रत्येक दारामागे एक बशी : मॅकरोनी-चीज, बेक्ड बीन्स, मलईतला पालक, भोपळ्याचं गोड 'पंपकिन पाय'. फटीत नाणं टाकायचं, दाराची गोल मूठ फिरवायची, दार उघडतं. काचेच्या खोक्यात बसलेल्या बायका न मोजता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने नोटेची सुटी नाणी फेकत. कॉफी डॉल्फिनच्या तोंडातून कपात पडे. १९५० पर्यंत तिची किंमत एक निकल, म्हणजे पाच सेंट. मंदीच्या काळात एका निकलवर माणूस संगमरवरी टेबलापाशी तासन्तास बसू शकत असे, कुणी उठवत नसे. बँकर आणि बेकार एकाच टेबलाशी.

१०४ व्या रस्त्यावरची इमारत १९३० ची, मुद्दाम ऑटोमॅटसाठी बांधलेली. शहराने तिला वारशाचा दर्जा दिलाय. तळमजल्याकडे पाहू नका. रस्ता ओलांडून समोर जा आणि मान वर करा. रंगीत झिलईच्या टेराकोटाचे पट्टे आहेत, पानाफुलांची ठाशीव, भूमितीतल्यासारखी नक्षी. पाऊस नुकताच थांबलेला, त्यामुळे झिलई ओली होऊन चमकत होती. पाच सेंटच्या कॉफीसाठी येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एवढी नक्षी! हे कुणीतरी मनापासून केलंय. स्वस्त खाणाऱ्याने स्वस्तात बसावं, असं या लोकांना वाटत नव्हतं.

मी ऑटोमॅटमध्ये एकदाच गेले. १९८२ मध्ये पासपोर्टच्या कामासाठी आम्ही भारतीय वकिलातीत आलो होतो. हे कागद घेऊन रांगेत अडकले, आणि मी तीन वर्षांच्या माधवीला घेऊन ४२ व्या रस्त्याच्या ऑटोमॅटला गेले. शेजारणीने सांगितलं होतं, तिथे बोलावं लागत नाही. खरंच नाही लागलं. काचेतून पदार्थ दिसत होता. त्यात मांस आहे की नाही, हे कुणाला विचारायचं नाही. पुन्हा विचारायचं नाही. आपलं इंग्रजी ऐकून समोरच्याचं कपाळ आकसताना पाहायचं नाही. माधवीला मी उचलून धरलं आणि मूठ तिने फिरवली. मॅकरोनी-चीजची बशी निघाली. माधवीला यातलं काही आठवत नाही. पण काल रात्री ती म्हणाली, "आई, फिरणारं गोल काहीतरी, थंड, धातूचं... एवढंच येतं डोळ्यांपुढे."

९ एप्रिल १९९१ ला ते बंद झालं. थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या त्या कोपऱ्यावर ते शेवटचं ऑटोमॅट होतं. महागाई वाढली, एका नाण्यात काही येईनासं झालं, आणि बर्गरच्या चेननी जागा घेतल्या. हॉर्न अँड हार्डार्टने स्वतःच आपल्या काही जागांवर बर्गर किंगच्या शाखा काढल्या होत्या. आम्ही गाडीतूनच तो कोपरा पाहिला. उतरायला माझं मन झालं नाही.

यांना मात्र आणखी एक नाव घ्यायचं होतं. 'चाइल्ड्स'. १८८९ मध्ये दोन भावांनी न्यूयॉर्कात सुरू केलेली चेन. खिडकीत आचारी पॅनकेक उलटत असत, स्वच्छता लोकांना दिसावी म्हणून. त्यातल्या विल्यम चाइल्ड्सच्या मनाने शाकाहार घेतला आणि त्याने १९२० च्या दशकात मेनू शाकाहाराकडे वळवला. गिऱ्हाईक तुटलं आणि भागधारकांनी त्याला बाजूला केलं. "पन्नास वर्षं आधी जन्मायला हवं होतं मी," हे म्हणाले. "त्याचं एक गिऱ्हाईक तरी टिकलं असतं."

आणि चॉक फुल ओ'नट्स, कॉफीच्या दुकानांची चेन. त्यांच्या काउंटरवर खजूर-अक्रोडाच्या पावात क्रीम चीज घालून सँडविच मिळे, मांसाचा स्पर्श नाही. बेसबॉल सोडल्यावर १९५७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हे नामवंत काळे खेळाडू या कंपनीचे उपाध्यक्ष झाले, कर्मचाऱ्यांचं सगळं खातं त्यांच्याकडे. तेच साल, ज्या साली डोव्हरला ग्बेडेमांना रस नाकारला गेला. काउंटर गेले, कॉफी अजून मिळते. त्यांच्या पिवळ्या-काळ्या डब्यात मी मसूर ठेवते.

रात्री एडिसनला स्वतःच्या गादीवर झोपलो.

पाचवा दिवस, सोमवार : मिडवे आणि पिट्सबर्ग

पेनसिल्व्हानिया टर्नपाइक १ ऑक्टोबर १९४० ला खुला झाला. कार्लाइल ते अर्विन, १६० मैल. डोंगराखालून सात बोगदे, त्यांतले बहुतेक एका अर्धवट सोडलेल्या रेल्वेसाठी १८८० च्या दशकात खणायला घेतलेले. या रस्त्यावर खाण्याची सगळी ठिकाणं हॉवर्ड जॉन्सन्सकडे होती. दुसरं काही नव्हतंच.

आमच्या पिढीतल्या न्यूजर्सी-न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी घरांना हा रस्ता आठवत असेल, त्याचं कारण पिट्सबर्गचं वेंकटेश्वर मंदिर. पेन हिल्सच्या टेकडीवर १९७६ च्या सुमारास ते उभं राहिलं, आणि लोक दहा-दहा तास गाडी चालवून जायचे. आम्ही १९७७ च्या ऑगस्टमध्ये गेलो. तीन कुटुंबं, दोन स्टेशन वॅगन. बेडफर्डजवळच्या मिडवे या थांब्याला थांबलो. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी गाडीतच खाल्ली, मग आत जाऊन कॉफी आणि आइसक्रीम. डायरीत नोंद आहे : मिडवे, मॅकरून, क्रमांक ११.

मिडवेला रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी इमारती आहेत, जुन्या वसाहतकाळातल्या घरांच्या धाटणीच्या. पश्चिमेकडे जाताना उत्तरेची लागते, परत येताना दक्षिणेची. दक्षिणेची मोठी, तिथे पूर्वी भोजनगृह होतं, ट्रकवाल्यांना झोपायची सोय होती. दोन्ही दगडी दर्शनी भाग जपलेत. आत आता निरनिराळ्या चेनचे काउंटर आहेत.

"इथेच बसलो होतो," हे म्हणाले.

"अहो, नाही. पलीकडे. येताना. बाळकृष्णभावजींच्या मुलाला उलटी झाली होती, ती प्रसाद खाऊन. म्हणजे येतानाच."

"अगं, डायरीत तारीख आहे."

"तारीख आहे, दिशा कुठेय?"

माधवीने गाड्यांच्या वर्दळीपलीकडच्या त्या दुसऱ्या दगडी इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "परत येताना तिकडे थांबू. दोन्हीकडे बसून बघा, म्हणजे कळेल."

हॉवर्ड जॉन्सन्स का संपलं, हे चार दिवस गाडीत बोलत होतो. १९७३ च्या तेलटंचाईने रस्ते ओस पडले. बर्गरवाले त्यांच्यापेक्षा झटपट आणि स्वस्त देऊ लागले. हॉवर्ड जॉन्सनच्या मुलाने, धाकट्या जॉन्सनने १९७९ मध्ये कंपनी एका ब्रिटिश समूहाला विकली, १९८५ मध्ये ती मॅरियटकडे गेली, आणि नव्या मालकांना हव्या होत्या त्या मोक्याच्या जागा. छप्पर नको होतं. हे सगळं खरं. पण आम्हीही १९८३ मध्ये एडिसनला आलो, ओक ट्री रोडवर डाळ-तांदूळ मिळायला लागला, शाकाहारी थाळ्या आल्या, आणि आम्ही नारिंगी छपराखाली जायचं सोडलं. दहावी, अकरावी, बारावी चव अशी यादी पुढे सरकत होती, ती एकोणिसाला थांबली, ती कंपनीमुळे नाही. आम्हाला आता तिची गरज उरली नव्हती. हे मी यांच्याजवळ बोलले तेव्हा यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

अ‍ॅलेगेनी बोगद्यातून बाहेर पडलो तर पलीकडे लख्ख ऊन. पाचच्या सुमारास मंदिराच्या पायऱ्या चढलो. दर्शन झालं. मग खाली कँटीनला. खिडकीशी रांग, स्टीलची भांडी, थर्माकोलच्या वाट्या. चिंचेचा भात आणि दहीभात. दाणे तेवढेच, कढीपत्ता तेवढाच, शेवटी जिभेच्या कडांना लागणारी लाल मिरचीची धगही तीच.

माधवी दुसऱ्यांदा रांगेत जाऊन उभी राहिली. ह्यांनी खिशातून डायरी काढली, १९७७ च्या ऑगस्टचं पान उघडलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पिट्सबर्ग. चिंचेचा भात, दहीभात. उत्तम.' माझ्याकडून पेन मागून घेतलं, त्याच ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं : 'चव तीच.'